वर पाऊस लागलाय

जूनचा शेवटचा आठवडा होता. भोरच्या पश्चिमेला, घाटाच्या अंगाला एका ओढ्यात आम्ही पाच जण दुपारचे डबे सोडून बसलो होतो. डोक्यावर ऊन होतं. पाणी घोट्याएवढं, तळाचा खडान्‌खडा दिसावा इतकं नितळ. पात्राच्या मधोमध एक सपाट कातळ होता आणि जेवायला तीच जागा सगळ्यांना पसंत पडली होती. पलीकडच्या उतारावर म्हशी सोडून एक म्हातारे बाबा बसले होते. ते एकदम उठले, काठी वर केली आणि ओरडले, “ओ पाव्हणं, उठा तिथनं! वर पाऊस लागलाय.”

आम्ही वर पाहिलं. आभाळ निळं. पण त्यांच्या आवाजात आर्जव नव्हतं, दटावणी होती, म्हणून उठलो. काठावर आल्यावर आमच्यातला एक जण विसरलेली पाण्याची बाटली आणायला मागं वळला, तेव्हा बाबा पुन्हा ओरडले, “ऱ्हाऊ द्या ती बाटली!”

आधी आवाज बदलला. झुळझुळीच्या खाली एक जाडसर घरघर ऐकू यायला लागली. मग वरून वाळलेली पानं आली, एकेक नव्हे, थव्यांनी. काटक्या आल्या, करवंदीची एक आख्खी फांदी आली, पिवळट फेसाचे पुंजके आले. नितळ पाण्यात तांबूस धागे उतरले. हे सगळं जेमतेम दोन-तीन मिनिटं. त्यानंतर वरच्या वळणावरून तांबडं पाणी दगडांवर आपटत खाली आलं आणि आम्ही बसलो होतो तो कातळ दिसेनासा झाला. ऊन तसंच पडलेलं होतं.

या प्रकरणात जे सांगायचं आहे, त्याचा गाभा बाबांच्या त्या तीन शब्दांत आहे. अचानक येणाऱ्या पुराचा पाऊस तुमच्या डोक्यावर पडतोच असं नाही. तो वर पडतो, डोंगरापलीकडं पडतो, कधी तुम्हाला दिसतही नाही. तुमच्यापर्यंत येतं ते त्याचं पाणी.

पाऊस पडल्यापासून साधारण सहा तासांच्या आत जो पूर येतो, त्याला हवामानशास्त्रात अचानक येणारा पूर म्हणतात. गोदावरी-कृष्णेसारख्या मोठ्या नद्यांना खालच्या पट्ट्यात पूर चढायला एखादा दिवस लागतो, गावाला निरोप पोचतो, गुरं हलवता येतात. सह्याद्रीतल्या ओढ्याला मात्र सहा तासही लागत नाहीत, कधी अर्धा तास पुरतो. उतार उभा, माथ्यावर काळ्या खडकाचे उघडे सडे, त्यावर मातीचा पातळ थर. जुलै उजाडेपर्यंत ती माती पाणी पिऊन तट्ट झालेली असते. मग पडेल तो थेंब सरळ खाली धावतो.

किती पाणी, याचा अंदाज यावा म्हणून एक सोपा हिशेब करू. एक चौरस किलोमीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा लाख लिटर पाणी होतं. गावाबाहेरच्या, नावही नसलेल्या ओढ्याचं पाणलोट क्षेत्र दहा चौरस किलोमीटर धरा. त्यावर दोन-तीन तासांत १०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि घाटमाथ्यावर तो होतोच, तर ते शंभर कोटी लिटर झालं. त्यातलं निम्मं मातीनं धरून ठेवलं तरी उरलेले पन्नास कोटी लिटर एरवी आपण उडी मारून ओलांडतो त्या घळीतून जाणार असतात.

महाडच्या लोकांना हे सांगावं लागत नाही. सावित्री उगम पावते महाबळेश्वरला, जिथं वर्षाला ५,००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो, आणि कडा उतरून थोड्याच अंतरात ती महाडच्या अंगणात येते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वरच्या पावसानं फुगलेल्या सावित्रीनं मुंबई-गोवा महामार्गावरचा, १९२८ साली बांधलेला दगडी कमानींचा पूल पाडला. अंधारात, पावसात, रस्ता पुढं आहेच असं धरून दोन एसटी बस आणि इतर वाहनं थेट पात्रात गेली. पुढं २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच पावसात महाड आणि चिपळूण, दोन्ही गावं पाण्याखाली गेली. कोकणातल्या गावाचा पाऊस कोकणातच मोजून चालत नाही.

आता काय पाहायचं ते. ओढ्याजवळ, धबधब्याखाली, घळीत असाल तर दर काही मिनिटांनी पाण्याकडं आणि वरच्या दिशेला पाहायची सवय लावून घ्या. पाणी गढूळ होऊ लागलं, पालापाचोळा किंवा फेस वाढला, मघाशी कोरडा असलेला दगड भिजला, आवाज जड झाला, ओल्या मातीचा वास आला, वर ढग काळवंडले किंवा लांबवर गडगडलं, तर यातली एक गोष्टही निघायला पुरेशी आहे. दुसऱ्या खुणेची वाट पाहू नये. उलटी खूणही लक्षात ठेवा. भर पावसात ओढ्याचं पाणी अचानक कमी झालं तर हायसं वाटून घेऊ नका. वर दरड कोसळून किंवा झाडं अडकून प्रवाह तुंबलेला असू शकतो, आणि तुंबलेलं पाणी फुटलं की एका दमात येतं.

निघायचं म्हणजे कुठं? प्रवाहाच्या काठानं खाली पळायचं नाही. वर चढायचं, आडवं, उताराला भिडून. हा धडा १९७६ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात फार महागात शिकला गेला. ३१ जुलैच्या संध्याकाळी बिग थॉम्पसन नावाच्या अरुंद दरीच्या वरच्या भागात काही तासांत सुमारे ३० सेंटिमीटर पाऊस कोसळला. सुट्टीमुळं दरी माणसांनी भरलेली होती. अनेकांनी गाड्या काढून दरीतल्या रस्त्यानं खाली निघून जायचा प्रयत्न केला. पाणी त्यांच्यापेक्षा वेगानं आलं. त्या पुरात १४० हून अधिक माणसं गेली. गाडी तिथंच सोडून जे शेजारच्या डोंगरावर चढले, त्यांच्यातले बरेच वाचले. त्यानंतर तिथल्या दऱ्यांमध्ये पाट्या लागल्या, की पूर आला तर वर चढा. आपल्याकडच्या धबधब्यांवर धोक्याच्या आणि मनाईच्या पाट्या असतात, पण माणसानं नेमकं कुठं जायचं ते त्यावर नसतं. ते असायला हवं.

पात्राच्या मधला खडक ही सगळ्यात फसवी जागा. तो उंच असतो, कोरडा असतो, फोटो छान येतो. पण पाणी वाढलं की त्याचं बेट होतं, आणि काठ फक्त दहा-पंधरा फुटांवर असूनही तिथून परतता येत नाही. ३० जून २०२४ च्या रविवारी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात हेच झालं. पुण्याहून सहलीला आलेलं एक कुटुंब प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभं होतं. काठावर माणसं होती, ती ओरडत होती, पण हात पोचत नव्हता. एक बाई आणि चार मुलं त्या दिवशी गेली. ते दृश्य फोनवर लाखो लोकांनी पाहिलं आणि बेफिकिरीवर बरंच लिहिलं-बोललं गेलं. मला ते बोलणं अन्यायाचं वाटतं. ते उतरले तेव्हा पाणी पोरांना खेळता येईल इतकंच असणार. आम्हीही तशाच कातळावर डबे सोडले होते. फरक एवढाच की आमच्या समोर म्हशी राखणारे बाबा होते.

म्हणून जागा बसण्याआधीच नीट निवडावी. पाण्यात पाय सोडायचेत तर काठाला लागून बसा, पाठीमागं चढायला मोकळी वाट ठेवा, आणि मुलांना आधीच दाखवून ठेवा की हाक मारली तर त्या आंब्यापर्यंत पळायचं. घरून निघताना हवामान खात्याचा इशारा पाहताना फक्त जिथं जायचं तिथला जिल्हा पाहू नका, वरचा घाट कोणत्या जिल्ह्यात येतो तेही पाहा. लाल इशाऱ्याचा अर्थ बहुधा २४ तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस. त्या दिवशी ओढ्या-धबधब्याकडं फिरकू नये. सांदण दरीसारख्या अरुंद घळीत, जिथं दोन्ही बाजूंना उभ्या भिंती आहेत आणि वर चढायला जागाच नाही, तिथं नुसत्या ढगाळ दिवशीही शिरू नये. वळवाच्या मे महिन्यातही हे लागू आहे.

अचानक आलेल्या पुरात माणसं सगळ्यात जास्त कुठं दगावतात? पलीकडं जाताना. घर पलीकडं असतं, पोरं शाळेतून यायची असतात, दूध घालायचं असतं. ओलांडायचा मोह हा मूर्खपणा नसतो, बहुतेक वेळा ती ओढ असते. म्हणूनच पाण्याचा जोर नेमका किती असतो ते नीट समजून घेऊ.

वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. गुडघ्याएवढं पाणी सेकंदाला एक मीटर, म्हणजे आपल्या सावकाश चालीनं वाहत असेल, तर दोन्ही पायांवर मिळून ढोबळमानानं सात-आठ किलोचा रेटा येतो. माणूस तोल सांभाळतो. तेच पाणी दोन मीटरच्या वेगानं वाहू लागलं की रेटा तीस किलोवर जातो, आणि तीन मीटरला पासष्टच्या पुढं. शिवाय पायाखाली शेवाळ, तळातून गडगडत येणारे गोटे, आणि पाण्यानं हलकं केलेलं आपलंच वजन. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा तर जोरात वाहणारं १५ सेंटिमीटर पाणीही मोठ्या माणसाला पाडू शकतं असं सांगते. वितीपेक्षाही कमी.

गाडीचं गणित याहून वेगळं आहे, आणि तिथंच माणूस फसतो, कारण गाडी जड वाटते. लहान मोटारीचं वजन साधारण नऊशे किलो. तिचा तळ सहा चौरस मीटरच्या आसपास. पाणी तळाच्या वर १५ सेंटिमीटर चढलं की गाडीनं बाजूला सारलेलं पाणीही नऊशे किलोच होतं. म्हणजे गाडी तरंगायला लागते. तळ जमिनीपासून १७ सेंटिमीटरवर असतो, तेव्हा रस्त्यावर फूटभर पाणी झालं की चाकांची पकड गेली. मग उरतं ते पत्र्याचं होडकं, ज्याला वल्हं नाही. दोन फूट वाहत्या पाण्यात मोठ्या गाड्याही जातात. दुचाकी तर त्याच्या कितीतरी आधी.

एकदा वेल्ह्याकडून येताना आमची एसटी ओढ्यावरच्या एका फरशीपुलापाशी थांबली. फरशीवरून चहाच्या रंगाचं पाणी जात होतं, कडेचे पांढऱ्या-काळ्या रंगाचे दगडी खुंट अर्धे दिसत होते. चालकानं इंजिन बंद केलं. कुणीतरी म्हणालं, “मास्तर, एवढ्यानं काय होतंय, घाला की.” चालक वळलेसुद्धा नाहीत. “माझं डांबर मला दिसंना, गाडी कशी घालू?” समोरून एक जीप आली, थांबली, तीही मागं फिरली. दोन तास आम्ही बसून होतो. एका आजींनी पिशवीतले शेंगदाणे सगळ्या गाडीला वाटले. पाणी उतरल्यावर कंडक्टर काठी घेऊन फरशीवर गेले आणि मधूनच हात हलवत परत आले. खालच्या अंगाची फरशी दोन-अडीच हात खचून वाहून गेली होती. वरून पाणी सपाट दिसत होतं तेव्हाही ते भगदाड तिथं असणारच. गाडी मागं घेतली आणि लांबच्या रस्त्यानं नेली.

डांबर दिसत नसेल तर जायचं नाही. मला या विषयातला याहून चांगला नियम माहीत नाही.

तरीही गाडी पाण्यात सापडलीच तर पहिली दोन मिनिटं महत्त्वाची. पट्टा सोडा, काच खाली करा, मुलांना आधी बाहेर काढा, टपावर चढा किंवा काठ जवळ असेल तर काठाला जा. दार उघडायच्या नादाला लागू नका. दाराबाहेर अर्धा मीटर पाणी असलं तरी दारावर सव्वाशे किलोच्या आसपास दाब असतो. विजेवर चालणाऱ्या काचा पाण्यात कधी बंद पडतील सांगता येत नाही, म्हणून काच आधी. फोन नंतर. मुंबईत २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा, बंद गाड्यांमध्ये गुदमरून माणसं गेली. पाऊस आत येऊ नये म्हणून काचा लावून ती पाणी ओसरायची वाट पाहत होती. समोरची काच फुटत नाही, ती दोन थरांची असते. बाजूची फुटते. मधोमध नाही, कोपऱ्यात घाव घाला. गाडीत एक लहान हातोडी हाताशी ठेवा, डिकीत नको.

प्रवाहात पडलात तर उभं राहायची धडपड करू नका. हे अंगवळणी पडायला अवघड आहे, कारण पायाला तळ लागला की आधार वाटतो. पण पाय दोन दगडांत अडकला की पाणी माणसाला पुढं वाकवून खाली दाबतं, आणि ते कमरेएवढ्या पाण्यातही होतं. उताणं व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेनं पुढं आणि पृष्ठभागाजवळ ठेवा, म्हणजे दगड आधी पायाला लागेल, डोक्याला नाही. हातांनी तिरकं काठाकडं सरका. आडव्या पडलेल्या झाडाकडं वाहत चाललात तर शेवटच्या क्षणी पालथे होऊन जोरानं त्याच्या वर चढा. त्याच्या खालून जायचं नाही, फांद्यांत पाणी जातं, माणूस जात नाही.

आणि काठावर असाल तर पाण्यात शिरू नका, आपलं माणूस वाहत असलं तरी. हे लिहिताना माझाही हात अडखळतो. पण वाचवायला गेलेला दुसरा बुडाल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात असतात. दोर, साडी, ओढण्यांची गाठ, लांब बांबू, झाकण लावलेला रिकामा कॅन, जे मिळेल ते फेका, आणि वाहणाऱ्या माणसाच्या थोडं पुढं, प्रवाह त्याला नेतो आहे त्या बाजूला फेका. दोर स्वतःच्या कमरेला बांधू नका. ११२ ला फोन लावा, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७ आहे.

ओढा शहरातही असतो, आपण त्याचं नाव नाला ठेवलेलं असतं, एवढंच. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरांवर झालेल्या पावसानं पुण्यातला आंबील ओढा असा भरून आला की सोसायट्यांच्या भिंती कोसळल्या, वस्त्यांमधून पाणी छातीवर आलं, गोठ्यात बांधलेली जनावरं दाव्यासकट गेली. परतीच्या पावसाचा महिना होता. ओढ्याच्या बाजूला राहत असाल तर एक गोष्ट दिवसाउजेडी करून ठेवा. पाणी आलं तर घरातली सगळी माणसं कुणाच्या गच्चीवर जाणार, हे त्या गच्चीच्या मालकाशी बोलून ठरवा. जिन्याच्या कुलपाची किल्ली कुठं असते ते विचारून ठेवा. पाणी उंबऱ्याला लागायच्या आत, हात कोरडे असताना, विजेचं मेन स्विच खाली करा. हात किंवा फरशी ओली झाली असेल तर त्याला शिवू नका. गॅसचं सिलिंडर बंद करा. दावी सोडा, जनावर आपली वाट शोधतं. २५ जुलै २०२४ च्या पहाटे पुण्यात नदीकाठी हातगाडी पाण्यातून हलवायला गेलेल्या तीन तरुणांना विजेच्या धक्क्यानं मरण आलं. पाणी गुडघ्याएवढं होतं. हातगाडी म्हणजे त्यांचं पोट होतं, हे मला कळतं, तरीही सांगतो, तुंबलेल्या पाण्यात खांब, डीपी, लोखंडी खोका यांच्या जवळ जाऊ नका.

धरणाखाली राहणाऱ्यांनी विसर्गाचे आकडे वाचायला शिकावं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. दहा हजार क्युसेक सोडले म्हणजे दर सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर. विसर्गाचा भोंगा वाजल्यावर नदीकाठची मोटर काढायला, गाडी हलवायला जाऊ नये. ती कामं आकडा वाढतो आहे असं समजल्यावर, भोंग्याच्या आधी करायची.

पाणी उतरल्यावरही धोका संपलेला नसतो. शहरात पाणी साचलेल्या रस्त्यावरून चालताना हातात काठी घेऊन पुढं टोचत चला. २९ ऑगस्ट २०१७ ला मुंबईतले एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले, वरून तो फक्त पाण्यानं भरलेला रस्ता दिसत होता. घरात शिरताना अंथरुणं, चपला, भांड्यांची मांडणी काठीनं हलवून बघा, पुरातले साप कोरडी जागा शोधतात. पाणी उकळून प्या. पायाला जखम असून गाळात वावरावं लागलं असेल तर पुढच्या महिन्याभरात आलेल्या तापाला साधा ताप समजू नका. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा आजार पुरानंतर बळावतो, आणि डॉक्टरांना ‘मी पुराच्या पाण्यात होतो’ हे आपणहून सांगितलं तरच त्यांना लवकर अंदाज येतो.

भिंती घासून धुताना मात्र एक ठिकाण सोडा. पाणी जिथपर्यंत चढलं तिथं गाळाची एक तांबूस रेघ राहते. मोठ्या नद्यांवर पाटबंधारे खात्याच्या मोजपट्ट्या असतात, ओढ्यांवर बहुधा काहीच नसतं, आणि दहा वर्षांनी शेजारी घर बांधणाऱ्याला जोतं किती उंच घ्यावं ते सांगायला ती रेघच असते. तिच्या शेजारी तारीख लिहा, पाणी किती वाजता चढलं ते लिहा. खडूनं लिहिलेलं पुढच्या पावसात जातं, ऑइलपेंट वापरा.